आडवी डहाळी

आमच्या गडाचं नाव मी या प्रकरणात लिहिणार नाही. लिहिलं, की पुढच्या रविवारी तुम्ही डबे आणि बाटल्या घेऊन तिथं हजर व्हाल. राग मानू नका. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पोरांच्या सहली नेल्या, माणसाचा स्वभाव मला माहीत आहे. एवढंच सांगते, की लोणावळ्याहून पुण्याच्या अंगाला येताना मळवलीला उतरलं आणि डोंगराकडं तोंड करून दोन-अडीच तास चाललं, की आमची वाडी लागायची. पंधरा-सोळा घरं. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेल्या. पावसाळ्यात त्यांना आतूनसुद्धा ओल सुटायची आणि घरभर धुराचा, ओल्या घोंगडीचा आणि भाजल्या नाचणीचा मिळून एक वास भरून राहायचा. आषाढ-श्रावणात भाकरीबरोबर टाकळ्याची नाहीतर कुर्डूची भाजी, आबांना ओढ्यात खेकडे सापडले तर त्यांचं कालवण, आणि काहीच नसलं तर हुलग्याचं माडगं. माडगं नको म्हणून मी तोंड वाकडं करायचे. आता डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून सूनबाई तेच माडगं मला आठवड्यातून दोनदा देते, आणि मी मिटक्या मारत पिते.

घरात आबा, आई, मी, माझे दोन धाकटे भाऊ आणि भागूआत्या. आत्या आबांची थोरली बहीण. लग्न होऊन खिंडीपलीकडच्या वाडीला गेली आणि दोन वर्षांत परत आली, ती कायमची. माझ्या लहानपणीचा सगळ्यात जुना आवाज म्हणजे तिच्या ताक घुसळण्याचा. उजाडायच्या आत ती रवीला दोर घालून बसायची, आणि त्या घर्र-घर्र आवाजात मी अंथरुणात आणखी थोडं मुरकुटून पडायचे. आवाज थांबला, की लोणी आलं, आणि लोणी आलं की उठायचं, कारण पहिला बोटभर गोळा माझा असायचा. भावांना हे माहीत नव्हतं. अजूनही त्यातल्या एकाला माहीत नाही. हे वाचलं तर भांडायला येईल.

ताकाचं मडकं डोक्यावर घेऊन आत्या गडावर जायची. तेव्हा पुण्या-मुंबईची माणसं रविवारी गडावर यायला लागली होती. कॉलेजची पोरं, कचेरीतली मंडळी, एखादं नवं लग्न झालेलं जोडपं. दमून दरवाजात बसलेल्या माणसाला मीठ घातलेलं गार ताक मिळालं, की तो जन्माचा आपला होतो. ताक पिता पिता ती माणसं विचारायची, बाई, वर टाकी कुठं आहेत, गुहा कुठं आहे, उतरायला दुसरी वाट आहे का. आत्या आधी हातानं दाखवायची, मग चार पावलं बरोबर जायची, आणि असं करता करता ती त्यांची वाटाडी होऊन बसली. आबांना हे फारसं रुचलं नव्हतं. बाईमाणसानं परक्या माणसांच्या पुढं चालायचं म्हणजे काय! पण आबा आत्याच्या पाठचे होते, आणि तिच्यापुढं त्यांचं काही चालत नसे. एकदा कॉलेजच्या पोरांच्या टोळक्यात एकानं तिचं नाव ऐकून हसत म्हटलं, "म्हणजे भित्री भागूबाई का?" सगळे खिदळले. आत्यानं मडकं खाली ठेवलं आणि तीही हसली.

"व्हय बाबा, भित्रीच हाय," ती म्हणाली. "म्हनून तर जित्ती हाय. चला माज्या मागनं, आनि तुमीबी वाईच भ्या."

ही भित्रेपणाची विद्या तिनं मला शिकवली. आज वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत पावसाळी भटकंतीच्या सूचना येतात, चौकट करून, एक-दोन-तीन घालून. मी त्या चष्मा पुसून वाचते आणि मनात म्हणते, हे तर आमच्या आत्यानं ताक वाढता वाढता सांगितलेलं. गडाला यायचं तर रविवार सोडून या, आणि रविवारच मोकळा असेल तर पहिल्या गाडीनं या. सगळे चढत असतील तेव्हा तुम्ही उतरत असा. भरल्या पोटी चढू नका, रिकाम्या पोटी उतरू नका. पाऊल तिथं टाका जिथं गुरानं टाकलंय, कारण गुराला चार पाय आहेत आणि तरीही ते बघून चालतं. हिरव्या दगडाशी सोयरीक करू नका. ओढ्याचं पाणी निवळशंख असलं तर खुशाल बसा. त्यात गढूळ रेघ दिसली, की वहाणा शोधत बसू नका, आधी काठावर या. अंगाला अत्तर चोपडून आणि हातात विडी पेटवून कड्याखालनं जाऊ नका, वर आग्यामाशांची पोळी आहेत. आणि गर्दीबद्दल तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "गर्दी दारात असती, घरात नसती." खरंच आहे ते. स्टेशनाजवळच्या पहिल्या धबधब्याखाली शंभर माणसं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत असतात, आणि दोन शेतं ओलांडली की तसाच दुसरा धबधबा एकटाच पडत असतो. गडाच्या दरवाजाशी रेटारेटी, आणि पाठच्या अंगाला गुरांच्या वाटेवर चिटपाखरू नाही. मी पुढं सहली नेल्या त्या याच एका वाक्यावर.

पण या सगळ्याहून मोठी एक गोष्ट होती, ती पुरवणीत येत नाही. आमच्या डोंगरात वाट बंद आहे हे सांगायला पाटी नव्हती. कुठं दरड सुटली, कुठं कडेची माती बसली, कुठं मोहोळ उठलं, तर जो पहिला बघेल त्यानं एक पानांची डहाळी तोडून वाटेत आडवी ठेवायची आणि बुंध्यावर धोंडा ठेवायचा. मागून येणाऱ्यानं ती बघितली की वळायचं. ओलांडायची नाही, उचलायची नाही, कोणी ठेवली म्हणून वाद घालायचा नाही. वाट सुधारली, की ठेवणाऱ्यानंच जाऊन ती उचलायची. लहान पोरंसुद्धा खेळात कधी डहाळी आडवी ठेवत नसत. आत्याचा नवरा मात्र एकदा ओलांडून गेला होता. सरपणाची मोळी डोक्यावर होती, वळसा लांबचा होता, आणि त्याला वाटलं, एवढ्याशा वाटेला काय झालंय. कडेच्या मातीनं पाय धरला नाही. एवढंच मला माहीत होतं. याहून जास्त आत्यानं कधी सांगितलं नाही आणि घरात कोणी विचारलंही नाही. तेव्हापासून आत्या कुठलीही डहाळी दिसली, की देवळापुढून जाताना करतात तसा हात जोडायची आणि वळायची.

आता माझ्या डाव्या हाताबद्दल सांगायला हवं. मी डावरी. जेवताना आई हातावर चापट मारायची, शाळेत मास्तर बोटांवर पट्टी मारायचे. गवत कापायला गेले की विळा माझ्या हातात उलटा बसायचा. विळ्याची धार उजव्या हाताच्या हिशेबानं लावलेली. मी रडकुंडीला यायचे. आत्यानं एक दिवस बाजाराच्या गावी जाऊन लोहारासमोर दिवसभर बसून माझ्यासाठी डाव्या हाताचा विळा करवून आणला. लोहार हसला म्हणे, म्हणाला, असला विळा जन्मात केला नाही. त्या विळ्यानं मी कापलेल्या गवताचा, फांदीचा काप सगळ्यांच्या उलट्या अंगाला तिरका पडायचा. आत्या बांधावरून जाताना खाली न वाकता सांगायची, "हितनं हितपातूर हिरीनं कापलंय." हिरी म्हणजे मी. मला केवढं भूषण वाटायचं! अख्ख्या वाडीत माझी एकटीचीच अशी सही होती.

पाठच्या गुरांच्या वाटेवर, गडाच्या अर्ध्यात, कातळात खोदलेलं एक पाण्याचं टाकं होतं. वर कातळाचं छप्पर, पुढं बसायला ओटा, आणि समोर सगळं मावळ. ढग खाली असायचे आणि आपण वर. आत्या गडावरून रिकामं मडकं घेऊन परत येताना तिथं थांबायची, मी वाडीतून वर जायचे, आणि दोघी मिळून भाकरी खायचो. ती त्याला 'आपलं बसायचं' म्हणायची. घरात आबा, आई, भाऊ, गुरं, धूर. तिथं ती आणि मीच. तिथं तिनं मला केस विंचरायला शिकवलं, पावा वाजवायला शिकवलं, आणि मी शाळा सोडणार नाही असं वचनही तिथंच घेतलं. मला वाटतं, माणसाला लहानपणी एक तरी असं बसायचं मिळावं.

मला तेरावं लागलं होतं त्या पावसाळ्यात लोकांना ते टाकं सापडलं. कसं, ते कळलं नाही. आत्यानंच कुणाला दाखवलं असेल. तिच्या पोटात काही राहत नसे. एका रविवारी आम्ही गेलो तर ओट्यावर अंड्यांची टरफलं, चिक्कीचे कागद, आणि टाक्याच्या पाण्यावर साबणाचा फेस. प्यायच्या पाण्यात कुणीतरी पाय धुतले होते, तेही साबण लावून. मी संतापानं रडले. आत्या म्हणाली, "त्यास्नी ठावं न्हाई गं. घरी नळाखाली धुत्यात, तसं हितं धुतलं." आणि पदर खोचून तिनं हातानं तो फेस काढायला सुरुवात केली. तिच्या या समजूतदारपणाचा मला त्यांच्याहून जास्त राग आला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या रविवारी ट्रान्झिस्टर. आमच्या बसायच्यात गाणी वाजत होती आणि आम्ही दोघी लांब करवंदीच्या जाळीआड उभ्या राहून ते लोक उठायची वाट बघत होतो. त्या दिवशी आम्ही भाकरी खाल्लीच नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी विळा घेतला. आत्या पहाटेच मडकं घेऊन गेली होती. मी जांभळीच्या दोन चांगल्या पानाळ डहाळ्या तोडल्या. एक टाक्याच्या वाटेच्या खालच्या तोंडाला आडवी ठेवली. दुसरी वरच्या तोंडाला, उंबरापाशी, म्हणजे गडावरून मागच्या अंगानं उतरणारे कुणी असतील तर त्यांच्यासाठी. बुंध्यांवर धोंडे ठेवले. चुकीचं करतेय हे ठाऊक होतं, पण मी मनाशी म्हणत होते, आज वाडीतलं कोण येतंय इकडं, रविवारी सगळे लावणीला. शहरातली माणसं तेवढी वळतील, आणि आत्या उतरायच्या आत वरची डहाळी मी उचलून घेईन. मग मी आत जाऊन आपल्या ओट्यावर बसले, पाय हलवत, राणीसारखी.

घटकाभरात खालून हसण्याचा आवाज आला. सात-आठ जण माझी डहाळी ओलांडून सरळ वर आले. एका मुलीनं तर तिची चार पानं तोडून वेणीत खोचली होती. "ए, इथं बसू या, मस्त आहे," ती म्हणाली, आणि मला बघून, "बाळ, ही वाट कुठं जाते गं?" तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायला हवा होता. डहाळीची भाषा त्यांना येतच नव्हती. ती ज्यांना येत होती त्यांनाच ती अडवणार होती. पण मी नुसती हिरमुसून बसले, आणि वरची डहाळी उचलायला जाण्याऐवजी त्यांच्या ट्रान्झिस्टरवरची गाणी ऐकत राहिले. गाणी चांगली होती, हेही कबूल करायला हवं.

धुकं उतरलं तेव्हा ती मंडळी निघून गेली होती आणि पाऊस दाट झाला होता. तेवढ्यात हाळी ऐकू आली. "हूऽऽ हिरेऽऽ." आत्याची हाळी मी कुठूनही ओळखली असती. पण ती उंबराच्या वाटेनं यायला हवी होती, आणि येत होती पलीकडच्या नाळेतून. नाळ म्हणजे डोंगराची उभी घळ. उन्हाळ्यात पोरं त्यातून शर्यत लावून उतरायची, पावसाळ्यात तिच्यातून पाणी धावायचं. मी उठले आणि पळत सुटले. पळता पळताच मला सगळं कळलं. कुणी सांगायची गरज नव्हती.

आत्याबरोबर त्या दिवशी पुण्याच्या एक आजी होत्या, त्यांचा मुलगा आणि सून. आजींना गडावरच्या महादेवाचं दर्शन घ्यायचं होतं. मोठ्या दरवाजात चेंगराचेंगरी होती, म्हणून आत्यानं त्यांना उतरताना मागच्या सोप्या वाटेनं आणलं. उंबरापाशी डहाळी दिसली. पुन्हा तास-दीड तास वर चढायचं त्राण आजींच्यात नव्हतं, पाऊस वाढत होता, म्हणून आत्यानं नाळ धरली. पाण्यात उभं राहून, आपल्या खांद्यावर एकेकाचा हात घेऊन तिनं तिघांनाही अवघड टप्प्यावरून खाली घेतलं. तिघं सुखरूप उतरले, आणि मग शेवटी स्वतः उतरताना तिचा पाय हिरव्या दगडावरून गेला.

मी पोचले तेव्हा आजींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता. आत्याचं तोंड पांढरंफटक, पण आवाज नेहमीचा.

"आलीस? लय ब्येस झालं," ती म्हणाली. "आदी ह्यास्नी खाली ने. आजींचा हात सोडू नगं. आनि टाक्याच्या वाटंनं जाऊ नगं हां, उंबरापाशी डहाळी हाय. वाडीतबी समद्यास्नी सांग."

मी "व्हय" म्हणाले. तिनं माझ्याकडं बघितलं, काहीतरी विचारायचं असल्यासारखं, आणि मग डोळे मिटून घेतले. त्या 'व्हय'ची आठवण झाली की आजही मला जेवण जात नाही.

घोंगडीची डोली करून आबांनी आणि शेजारच्या नामदेवकाकानं तिला घरी आणलं. आबा म्हणत होते लोणावळ्याच्या दवाखान्यात नेऊ, पण आत्यानं हाडवैद्याचाच हट्ट धरला. त्यानं कामट्या बांधल्या, कसलासा पाला लावला आणि सहा महिने पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. पहाटेचं घुसळणं बंद झालं. आई घुसळायची, पण तिचा आवाज वेगळा होता, आणि लोण्याचा पहिला गोळा मी मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी माणसं टाक्याच्या वाटेवर जाऊन बघून आली. वाट धडधाकट होती. ना दरड, ना मोहोळ. मग वाडीत कुजबुज सुरू झाली. खोटी डहाळी! असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. शहरातल्यांना डहाळी ठेवायची अक्कल नाही, म्हणजे वाडीतलंच कुणीतरी. बोटं नामदेवकाकाकडं वळली, कारण गुरांच्या चारणीवरून त्याचं आणि आबांचं त्या महिन्यात वाजलं होतं. ज्या माणसानं आत्याला खांद्यावर पेलून आणलं, तोच वाघजाईची शपथ घेत दारोदार फिरत होता. आत्या अंथरुणावरून ओरडायची, "नामदेव न्हाई! म्या सांगते, नामदेव न्हाई!" कोण, ते मात्र सांगायची नाही. मी चुलीपाशी बसून खाली मान घालून भाकऱ्या थापायचे.

आठवड्यानं आणखी एक झालं. ओढ्याला पूर आला होता आणि तो ओलांडायच्या उतारापाशी कुणीतरी डहाळी ठेवली होती, खरी. वरच्या आळीचा तुकाराम दुधाची कासंडी घेऊन आला, डहाळी बघितली, म्हणाला, "आता कुनाची खरी आनि कुनाची खोटी," आणि ओलांडून पाण्यात शिरला. नशीब, की त्याच्या हाताला उंबराची मुळी लागली. कासंडी वाहून गेली, माणूस वाचला. ओलाचिंब तो आमच्या ओटीवर येऊन आबांना हे सांगत होता, थरथरत, आणि हसायचा प्रयत्न करत. मी आत ऐकत होते. मला कळलं, की मी नुसता आत्याचा पाय मोडला नव्हता.

दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी तिच्या टाचेला तेल चोळत होते. बाहेर पाऊस. मी म्हणाले, "आत्या, उंबरापाशी डहाळी म्या ठेवली."

ती म्हणाली, "ठावं हाय."

"कवापासनं?"

"तवाच. काप उलटा हुता की गं. म्याच करून आनलेला इळा, म्या वळखनार न्हाई?"

माझा हात थांबला. "मंग वळलीस कशाला? वाट तर बरी हुती."

आत्यानं माझा तेलकट हात आपल्या हातात घेतला. "तुजी हुती म्हनून वळले," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाची असती, तर हाळी दिली असती, काय झालंय म्हनून इच्यारलं असतं. तुजा काप बगितला आनि मनात म्हनलं, माज्या पोरीनं ठेवलीय, म्हंजी बगूनच ठेवली असंल. आनि फिरले."

मी तिच्या कुशीत तोंड खुपसून रडले. इतकं मी आयुष्यात पुन्हा रडले नाही, नवरा गेला तेव्हाही नाही. तिनं रडू दिलं. ओरडली नाही, समजूतही घातली नाही. खूप वेळानं म्हणाली, "मला सांगून काय व्हनार, हिरे? म्या तर वळले. ज्यास्नी आजून वळायचंय त्यास्नी सांग."

त्या संध्याकाळी वाघजाईच्या देवळापुढं वाडी जमली आणि मी उभी राहून सांगितलं. काय शब्द वापरले ते आठवत नाही. आबांची मान खाली गेली, ती आठवते. कुणी मारलं नाही. कुणी शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. नामदेवकाका उठून माझ्यापुढं आला आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं ते असं, की जिनं खोटी ठेवली तिनंच आता खऱ्या ठेवायच्या. पाऊस सरेपर्यंत रोज उजाडताना मी सगळ्या वाटा बघून यायच्या, बिघडली असेल तिथं डहाळी ठेवायची, सुधारली की उचलायची, आणि येऊन देवळापुढं मोठ्यानं सांगायचं. माझ्या उलट्या कापाची डहाळी आता सगळी वाडी ओळखायला लागली. पहिला महिनाभर नामदेवकाका माझ्या मागोमाग जाऊन माझी प्रत्येक डहाळी तपासून येत असे. मग एक दिवस आला नाही. त्या दिवशी मी शाळेत जाताना गाणं म्हटलं.

आणि टाकं? त्याचंही आत्यानंच बघितलं, अंथरुणावरूनच. "गर्दी अडवायची नसती गं," ती म्हणाली, "गर्दीला बशिवायचं असतं." रविवारी मी खालच्या तोंडाशी ताकाचं मडकं आणि एक ओगराळं घेऊन बसायला लागले. येईल त्याला सांगायचं, आधी ताक प्या, पाणी हवं तर मी वाढते, टाक्यात हात घालू नका. आश्चर्य म्हणजे माणसं ऐकायची. ज्यांना डहाळी कळली नव्हती त्यांना बोललेलं कळत होतं. पानं वेणीत खोचणारी ती मुलगी पुन्हा एकदा आली होती. तिनं ओट्यावरचे कागद स्वतः गोळा केले. पुढं कितीतरी वर्षं मी वर्गात पोरांना ओरडण्याआधी त्या ओगराळ्याची आठवण करायचे.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर आत्या पहिल्यांदा गडावर निघाली. पाय थोडा आखूड बसला होता, हातात काठी होती. पायथ्यापासून वर जायला आम्हाला निम्मा दिवस लागला. उतरताना तिनं मागची वाट धरली. उंबरापाशी आलो. तिथं ना डहाळी होती ना धोंडा, नुसतं पिवळं पडलेलं गवत आणि मधून गेलेली वाट. आत्या थांबली. मला वाटलं, तिचं धाडस होत नाहीये.

तिनं वाटेकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं.

"वाट कशी हाय गं?"

मी सकाळीच जाऊन आले होते. "मोकळी हाय, आत्या."

"मग झालं," ती म्हणाली, आणि काठी काखेत मारून, माझा खांदा धरून, खाली न बघता पुढं चालायला लागली.